दोन वायरींशी बोलायला शिकवा!

सध्या कुणालाही फायनल इयरचा प्रोजेक्ट विचारा, उत्तर ठरलेलं: आयओटी! मोबाईलवर ॲप, त्यात रंगीत ग्राफ आणि खाली एक नवा कोरा सेन्सर. पण एखाद्या कारखान्यात किंवा पंपिंग स्टेशनात जाऊन पॅनेलचं दार उघडून बघा. आत वीज मीटर, टेंपरेचर कंट्रोलर, मोटरचे ड्राइव्ह असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या मागे आरएस-485 चे स्क्रू असतात. ही मंडळी बोलायला कधीचीच तयार आहेत! त्यांची मॉडबस ही भाषा मॉडिकॉन कंपनीने 1979 साली आणली आणि ती अजून चालू आहे.

या मंडळींना नेटवर्कशी जोडणारं छोटं खोकं म्हणजे गेटवे. एका बाजूला इथरनेट, दुसऱ्या बाजूला सीरियलच्या वायरी. माझं म्हणणं एवढंच, की हा गेटवे कॉन्फिगर करणं आपल्याला प्रॅक्टिकलला शिकवलं पाहिजे आणि वायव्हात विचारलंही पाहिजे.

"त्यात शिकवायचं काय? ब्राउझरमध्ये पेज उघडा, आकडे भरा!" असं कुणी म्हणेल. पण ते आकडे आणायचे कुठून? मीटरमध्ये जो बॉड रेट, जी पॅरिटी आणि जेवढे स्टॉप बिट, तेच गेटवेत हवेत. मॉडबसचा नियम सांगतो की पॅरिटी इव्हन ठेवा; पॅरिटी नको असेल तर स्टॉप बिट दोन घ्या. प्रत्यक्षात कित्येक उपकरणं पॅरिटी नाही आणि स्टॉप बिटही एकच, अशी येतात. म्हणजे मॅन्युअल वाचणं आलंच. शिवाय एका वायरीवरच्या प्रत्येकाला 1 ते 247 मधला वेगळा पत्ता द्यायचा. दोघांना एकच दिला, तर दोघेही एकदम बोलतात आणि कुणाचंच कळत नाही.

मग वेळेचं गणित. 9600 बॉडला, एका बाइटचे 11 बिट धरून, दहा रजिस्टर वाचायला 8 बाइटचा प्रश्न आणि 25 बाइटचं उत्तर, यालाच सुमारे 38 मिलिसेकंद लागतात. मीटर उत्तर जुळवायला घेतं तो वेळ वेगळा. वायरीवर एका वेळी एकानेच बोलायचं, त्यामुळे 30 मीटरांची एक फेरी सेकंदापेक्षा जास्त खाते. टाइमआउट फार कमी ठेवला, तर चांगलं मीटरही मेलेलं दिसतं. फार जास्त ठेवला, तर एक बंद मीटर बाकी सगळ्यांना ताटकळत ठेवतं. याला नुसतं फॉर्म भरणं कसं म्हणायचं?

आणि खरी काळजी पुढेच आहे. मूळ मॉडबसला पासवर्ड ठाऊकच नाही; हुकूम आला की उपकरण पाळतं. दोन वायरींपुरतं हे चालून जायचं. गेटवे तेच उपकरण नेटवर्कवर 502 नंबरच्या पोर्टमागे आणून बसवतो. जानेवारी 2024 मध्ये युक्रेनच्या ल्विव शहरात फ्रॉस्टीगूप नावाच्या मालवेअरने मॉडबस टीसीपीतून हीटिंग कंट्रोलरना भलतेच हुकूम दिले. ऐन हिवाळ्यात 600 हून जास्त इमारती गारठल्या आणि सगळं निस्तरायला जवळजवळ दोन दिवस गेले. म्हणून डिफॉल्ट पासवर्ड बदलणं, गेटवे हॉस्टेलच्या वाय-फायपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवणं आणि ठराविक आयपी पत्त्यांनाच आत घेणं, हेही त्याच प्रॅक्टिकलमध्ये यायला हवं.

यासाठी मोठी लॅब नको. एक गेटवे, दोन जुनी मीटरं, थोडी वायर आणि टोकांना 120 ओहमचे दोन रेझिस्टर पुरेत. सर-मॅडमना एकच विनंती: मीटरची पॅरिटी गुपचूप बदलून ठेवा आणि आम्हाला शोधू द्या. एक तास डोकं खाजवू, पण पुढे नोकरीत कुणी पॅनेलसमोर उभं केलं, तर तोंड लपवावं लागणार नाही. पटतंय का बघा!