नकाशातली रिकामी जागा

मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या धाकटीने एक देश तयार केला. ड्रॉइंगच्या वहीत नद्या, सात शहरं, राजा, नाणी, सगळं झालं. मग एका संध्याकाळी वही घेऊन ती स्वयंपाकघरात आली.

"अम्मी, या लोकांचा देव एकच आहे आणि तो दिसत नाही. मग तो दाखवू कसा? आणि असं काही लिहिलं तर गुनाह होईल का?"

माझ्या तोंडावर आलंच होतं, 'ठेव ती वही.' पण शेवटच्या प्रश्नातली भीती ऐकली आणि गप्प बसले. मी आलिमा नाही, शिक्षिका आहे. फतवा देणं माझं काम नाही. पुस्तकं मात्र वाचली आहेत, म्हणून तिला दोन काल्पनिक देशांची गोष्ट सांगितली.

पहिला देश टॉल्किन यांचा, न्यूमेनॉर नावाचं बेट. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारे हे इंग्रज प्राध्यापक धर्माने कॅथलिक. त्यांच्या जगाचा निर्माता एकच, एरू. बेटाच्या मधोमध उंच पर्वत आणि त्याचं शिखर एरूसाठी राखलेलं. तिथे इमारत नाही, वेदी नाही, दगडांची साधी रासही नाही. हत्यार किंवा अवजार तिथे न्यायचं नाही. वर्षातून तीनदा राजा पायी चढून जाई, मागे पांढऱ्या कपड्यांतली प्रजा. वसंतात दुआ, उन्हाळ्यात स्तुती, शरद सरताना शुक्र. बोलायचं ते फक्त राजाने. एरवी कुणीही वर जावं, शांत बसावं.

पुढे या लोकांना मरणाची भीती आणि सत्तेची हाव सुटली. कैदी म्हणून आणलेला सौरॉन राजाचा सल्लागार झाला. त्याने पढवलं की एरू खोटा आहे, खरा मालक अंधाराचा. मग राजधानीत पाचशे फूट उंच मंदिर उभं राहिलं. भिंती तळाशी पन्नास फूट जाड, वर चांदीचा घुमट. आत माणसांचे बळी जाऊ लागले आणि धुराने ती चांदी काळी पडली. शिखरावर जाणाऱ्याला मात्र मृत्युदंड. लेखकाने एरूचा चेहरा कुठेच रंगवला नाही. त्याला मानताना आणि सोडताना माणसं कशी वागली, एवढंच दाखवलं.

"म्हणजे जागा रिकामी ठेवायची," धाकटी म्हणाली. "सोपं आहे."

तेवढं सोपं नाही, म्हणून दुसरा देश. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांची 'द टूम्ब्ज ऑफ अतुआन' ही कादंबरी 1971ची. तिथल्या शक्तींनाही रूप नाही, नावसुद्धा नाही. त्यांच्या दालनातलं सिंहासन रिकामंच आहे. पण जमिनीखालच्या त्यांच्या पवित्र गुहेत दिवा न्यायला बंदी. त्यांच्या सेवेसाठी एका चिमुरडीला आईबापांपासून तोडून आणतात आणि तिचं नावही काढून घेतात. शिखरही रिकामं, सिंहासनही रिकामं. पण एका ठिकाणी माणूस उजेडात बसून शुक्र करतो, दुसऱ्या ठिकाणी अंधारात चाचपडत घाबरतो.

आपल्या मशिदीची मेहराबही रिकामीच असते. लहानपणी मी अब्बूंना विचारलं होतं, आत काय आहे? ते म्हणाले, "आत काही नाही, बेटा. तोंड कुठे करायचं ते ती सांगते." तेच उत्तर मी मुलीला दिलं. देव कसा दिसतो हे काढू नकोस. त्याची आठवण ठेवणारी माणसं कशी वागतात ते लिही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलांनी अल्लाहविषयी काही विचारलं की आपण पटकन म्हणतो, "चूप, गुनाह होतो." तो रहमान आणि रहीम आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. आपल्या आवाजात मात्र त्यांना धाकच ऐकू येतो. अल्लाहतआला निराकार आहे हे शिकवता शिकवता आपण घरातच एक अतुआन तर बांधत नाही ना, जिथे प्रश्नाचा दिवा न्यायला बंदी आहे? असं दटावलेलं मूल प्रश्न विचारायचं थांबवतं. प्रश्न संपत नाही, फक्त आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून पालकांना एवढीच विनंती. मुलांच्या हातात अशी कादंबरी दिसली तर ओढून घेण्याआधी विचारा, तिथली माणसं कुणाला मानतात आणि मानून कशी वागतात? बोलणं आपोआप आपल्या दीनपर्यंत येईल. आपल्याला उत्तर येत नसेल तर जाणत्या आलिमांना दोघांनी मिळून विचारावं.

धाकटीने नकाशात एक टेकडी कोरी ठेवली आहे. खाली बारीक अक्षरात नियम लिहिलाय: 'वर जाण्याआधी शेजाऱ्याशी असलेलं भांडण मिटवावं.'