म्हणे, सदिच्छा म्हणून!

परवा फोनवर एक संदेश आला. इंग्रजीत होता, पण अर्थ एवढाच : आपल्या विनंतीचा विशेष बाब म्हणून विचार करून, सदिच्छा म्हणून, 6,499 रुपये आपल्या खात्यात जमा करत आहोत.

आमच्या 'ह्यां'नी तो वाचला आणि म्हणाले, "चला, सुटलीस एकदाची!"

पैसे सुटले, हे खरं. पण त्या 'सदिच्छे'ने माझ्या डोक्यात जी तिडीक गेली आहे, ती काही केल्या जाईना. म्हणून आज लिहायला बसले.

झालं असं. ह्यांना गेली दोनेक वर्षं कमी ऐकू येतं. चारचौघांत गेले की नुसते हसून मान डोलावतात. फोनवर जाहिरात दिसली : दोन्ही कानांची यंत्रं, चार्जिंगची, एकदा चार्ज केली की वीस तास चालणार. मी मागवली. आधी कान तपासून घ्यायला हवे होते, ती चूक माझी, कबूल! पण पुढे जे झालं ते माझ्या चुकीमुळे नाही झालं. डाव्या कानाचं यंत्र तासाभरात बंद पडायचं. वीस तास कुठले!

माल आला 3 तारखेला. परत करायची मुदत सात दिवस. मी 4 तारखेलाच तक्रार केली. उत्तर आलं, 48 तास थांबा. थांबले. मग म्हणे फोटो पाठवा. पाठवले. पुन्हा 48 तास. मग म्हणे यंत्र बंद पडतानाचा व्हिडिओ पाठवा. आता कानातलं यंत्र बंद पडताना दिसतं कसं, हे मला कोणीतरी सांगा! तरी नातवाला बसवून तोही पाठवला. 11 तारखेला उत्तर आलं : परत करण्याची मुदत संपली आहे.

चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. घंटा होईपर्यंत मुलाला "थांब, थांब" म्हणत उभं करायचं आणि घंटा झाल्यावर "वेळ संपली" म्हणून त्याची उत्तरपत्रिका ओढायची, असं कुठल्या शिक्षकाने केलं असतं तर पालकांनी शाळेत येऊन जाब विचारला असता. इथे मात्र त्याला 'पॉलिसी' म्हणतात.

मी भांडले. तेव्हा 6,000 रुपयांचं कूपन देऊ केलं, 90 दिवसांत त्यांच्याकडेच वापरायचं. मी त्याचं काय घेऊ? आणखी एक कानाचं यंत्र? तिसरा कान कुठून आणू?

बँकेत गेले. तिथला मुलगा सज्जन होता. म्हणाला, "आजी, व्यवहार यशस्वी झालाय. आम्ही काय करणार?" घरी येऊन नियम वाचले. रिझर्व्ह बँकेचं 2019 चं परिपत्रक आहे. खात्यातून पैसे गेले पण पोचलेच नाहीत, तर ठरलेल्या मुदतीत परत आले पाहिजेत, नाहीतर दिवसाला 100 रुपये भरपाई. 2017 चंही एक आहे : आपल्या परवानगीशिवाय कुणी पैसे काढले आणि तीन कामाच्या दिवसांत आपण कळवलं, तर बाहेरच्या चोराची झळ आपल्याला लागत नाही. दोन्ही नियम उत्तम. पण पहिला फसलेल्या व्यवहारासाठी आहे, फसलेल्या खरेदीसाठी नाही. आणि दुसऱ्यात मी बसत नाही, कारण पिन मी माझ्याच बोटांनी घातला होता. पैसे दोन सेकंदांत, अगदी वाजतगाजत पोचले. तोच तर घोळ!

कार्डाने पैसे भरले असते तर 'चार्जबॅक' नावाची एक वाट असते, म्हणजे आपण आपल्या बँकेमार्फत दुकानदाराकडून पैसे परत मागायचे. माझी भाची इंग्लंडात असते. तिने सांगितलं, त्यांच्याकडे 1974 सालचा कायदा आहे. त्याच्या कलम 75 प्रमाणे 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पौंडांपर्यंत किमतीची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली आणि विकणाऱ्याने फसवलं, तर कार्ड देणारी संस्थासुद्धा तितकीच जबाबदार. माझी खरेदी एवढी लहान, की त्या कलमात बसलीही नसती. पण त्यातलं तत्त्व बघा. पैसे वाहून नेणाऱ्याने "मी फक्त हमाल" म्हणून हात झटकायचे नाहीत.

आपल्याकडे सगळे व्यवहार यूपीआयवर आले. भाजीवाल्यापासून विमानाच्या तिकिटापर्यंत. सोय फार मोठी आहे, मीही रोज वापरते. पण भाजीवाला उद्या पुन्हा कोपऱ्यावर दिसणार असतो. सडका टोमॅटो निघाला तर मी त्याला दाखवू शकते. न दिसणाऱ्या दुकानदाराला आधी पूर्ण पैसे द्यायचे आणि मग त्याच्या दारात उभं राहायचं, तेही दार कुठे आहे हे न कळता! घाई सगळी पैसे घेण्यात. देण्याची वेळ आली की तेच तंत्रज्ञान सात-आठ कामाचे दिवस लावून घेतं. पैसे यायला दोन सेकंद लागतात, तर परत जायला तेवढेच का लागू नयेत?

माझा पुतण्या म्हणतो, "काकू, सोडून द्या हो. सहा हजारांसाठी किती डोकं शिणवाल?" धाकटी जाऊही तेच म्हणाली. सगळे मायेने म्हणतात, मला कळतं. पण मंडळी, ह्या 'सोडून द्या'वरच तर त्यांचं दुकान चालतं! दहा जण कंटाळले की नऊ जणांचे पैसे राहतात. आपला थकवा हा त्यांच्या हिशोबात धरलेला असतो. आणि म्हाताऱ्यांच्या बाबतीत थकव्याच्या जोडीला लाजही येते. "तुला कुणी सांगितलं होतं ऑनलाइन मागवायला?" हे ऐकायला नको म्हणून कितीजण घरात सांगतही नसतील.

दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. लग्नात साडी नेसून मग ती परत पाठवणारे गिऱ्हाईकही असतं, आणि त्यात छोटा विक्रेता मरतो. त्यांना जरूर पकडा. पण वर्गात एकाने कॉपी केली म्हणून मी कधी सगळ्या वर्गाला नापास केलं नाही.

शेवटी कायदा काढून वाचला. 2020 सालच्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे : माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-पत्ता संकेतस्थळावर हवा, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात. ते नाव पानाच्या अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरांत सापडलं. त्याला नियम लिहून ईमेल केली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला. मराठीत बोलता येतं. आणि लिहिलं की पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि 'ई-जागृती'वरून घरबसल्या दाखल करता येते.

सोळाव्या दिवशी ती 'सदिच्छा' आली.

म्हणून माझा राग. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती 1974 साली. 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला, 2019 मध्ये नवा आला. एवढी वर्षं माणसं झगडली ती हे सांगायला, की ग्राहक याचक नाही. आणि हे मला माझेच पैसे 'विशेष बाब' म्हणून देणार! सदिच्छा म्हणून दिलेलं उद्या नाकारता येतं, पुढच्याला "तुमची बाब विशेष नाही" म्हणता येतं. हक्काचं नाकारता येत नाही. शब्द बदलला की हिशोब बदलतो.

माझं मागणं फार नाही. पहिली तक्रार केली त्या दिवशी मुदतीचं घड्याळ थांबावं. पैसे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने परत यावेत, कूपनच्या गल्लीतून नाही. आणि न पाहिलेल्या दुकानदाराला यूपीआयने दिलेल्या पैशांनाही कार्डासारखी परत फिरायची वाट असावी, जी बँकेतल्या त्या सज्जन मुलालाही माहीत असेल.

त्या संदेशाला मी उत्तर पाठवलं आहे : "रक्कम मिळाली. ही सदिच्छा नसून सदोष मालाचा परतावा आहे, अशी नोंद करावी." अजून पोच नाही. 48 तास उलटून गेले.

असो. पुढच्या सोमवारी ह्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेते आहे. मी हा लेख मोठ्याने वाचून दाखवला तर ते हसले आणि मान डोलावली. किती ऐकू आलं, देव जाणे.