मुदत रयतेला, मुदतवाढ बिल्डराला!

दरसाल 2 जानेवारीस सिद्धगडाच्या रानांत मोटारी येतात, हार पडतात, भाई कोतवाल व हिराजी पाटील यांच्या नांवाचा जयजयकार होतो, आणि धूळ खालीं बसण्यापूर्वीं मोटारी परत जातात. माथेरानच्या नाभिक घरांत जन्मलेल्या कोतवालांनीं वकिली केली, सावकाराच्या कोठाराला तोड म्हणून शेतकऱ्यांसाठीं धान्यकोठ्या काढल्या, आणि 1943 सालीं याच रानांत गोळीला छाती दिली. त्या रानाखालचा शेतकरी आज कोणाच्या दारांत उभा आहे? नकाशाच्या! आम्ही पडलों शाळामास्तर. गांवचे निम्मे अर्ज आमच्याच पेनानें लिहिले जातात, म्हणून हें सांगण्याचा आम्हांस अधिकार आहे.

एक हकीकत ऐका. तिघां भावांची सामाईक भातजमीन. वांटणी झाली, हिश्शांची मोजणी झाली, आणि धाकट्यानें आपल्या वांट्यांत घर बांधण्यासाठीं पोटविभागणीचा नकाशा मंजुरीला लावला. पन्नास दिवस कचेरी मौनव्रतांत. एकावन्नाव्या दिवशीं पत्र आलें, ‘उतारा जुना आहे.’ नवा दिला. पुन्हां दीड महिन्यानें पत्र, ‘रस्त्याची रुंदी दाखवा.’ दाखविली. मग, ‘शेजाऱ्याची हद्द स्पष्ट नाहीं.’ अहो, हीं तिन्ही कुसळें पहिल्याच पत्रांत कां दिसलीं नाहींत? नकाशा मंजूर झाला तो मृगाच्या तोंडावर. आमच्याकडे पाऊस असा कोसळतो कीं पाया खणला तर विहीर होते. भात विकून हातीं पैसा यायला दिवाळी उलटली, बँकेच्या कर्जाला होळी उजाडली, त्यांत बाप आजारी पडला. वर्ष संपून आठ दिवस झाल्यावर तो मुदतवाढ मागायला गेला. उत्तर मिळालें, ‘मुदत संपली, नवा अर्ज करा.’ तो नवा अर्जही आम्हींच लिहिला.

आतां कायदा पाहूं. 1966 सालच्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचें कलम 45 म्हणतें कीं, 60 दिवसांत निर्णय न कळविल्यास आणि काम नियमांस धरून असल्यास, परवानगी मिळाली असें मानावें. वाचायला किती गोड! पण ते 60 दिवस अर्जापासून, किंवा कचेरीच्या विचारणेला दिलेल्या उत्तरापासून, यांपैकीं जें उशिराचें असेल तेथून मोजायचे. म्हणजे घड्याळ रयतेचें आणि किल्ली कारकुनाची! एक विचारणा केली कीं कांटा पुन्हां शून्यावर. बरें, मानीव परवानगी हातीं लागलीच, तर ती पाहून कर्ज देणारा बँकवाला आम्हांस अजून भेटायचा आहे. त्याच कायद्याचें कलम 48 मात्र मंजुरीला एकच वर्षाचें आयुष्य देतें. वाढ हवी तर वर्ष संपण्याआधीं मागावी, आणि मिळाली तरी ती 3 वर्षांपुढें जात नाहीं. या घड्याळाला किल्लीच नाहीं.

2015 सालीं लोकसेवा हक्काचा कायदा झाला. ज्या सेवा त्याखालीं अधिसूचित झाल्या, त्यांना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5000 रुपये दंड त्यांत सांगितला आहे. पण पहिलें अपील त्याच अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे! ज्याचा कागद अजून त्या टेबलावर पडून आहे, तो टेबलवाल्याला दंड करा म्हणून सांगायला जाईल काय? सरकारला वेळेची किंमत कळत नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. मोजणीचे साधी, तातडीची, अतितातडीची असे वर्ग कित्येक वर्षें होते; फी जास्त तर दिवस कमी. वेळ दुकानांत आहे, आमच्या कनवटीला पैसा नाहीं, इतकेंच.

आणि 2020 सालीं करोना आला तेव्हां काय झालें? महारेरानें बिल्डरांच्या प्रकल्पांना 6 महिन्यांची मुदतवाढ आपण होऊन दिली. दिली तें योग्यच केलें; मजूर गांवीं गेले होते, काम कोण करणार? पण जी अडचण शहरांतल्या टॉवरला समजली, ती भातखाचरांतल्या दोन खोल्यांना कां समजूं नये?

मुदत नकोच, असें आम्ही म्हणत नाहीं. 5 जून 2025 रोजीं समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. तो आमच्या शेजारच्या शहापूर तालुक्यांतून जातो. मंजुरी दाबून भाव चढण्याची वाट पाहणारे प्लॉटवाले आम्हीही पाहतों. त्यांना खुशाल आवळा. पण स्वतःच्या राहत्या घरापुरता तुकडा मागणारा शेतकरी आणि पन्नास प्लॉट पाडणारा दलाल यांना एकाच मापानें कां मोजतां? काय उणें असेल तें कचेरीनें एकाच पत्रांत, एकदांच कळवावें. कचेरीनें खाल्लेले दिवस मंजुरीच्या मुदतींत आपोआप मिळवावे. राहत्या घराला पावसाळ्याचे चार महिने मुदतींत धरूं नयेत. आणि वर्ष संपण्यापूर्वीं महिनाभर आधीं गांवच्या चावडीवर नोटीस लावावी. कर न भरणाऱ्यांची यादी लागते, तशी ही लागायला काय हरकत आहे?

येत्या 2 जानेवारीस सिद्धगडास हार घेऊन जे येतील, त्यांच्या हातीं आम्ही हाच मजकूर अर्ज म्हणून देणार आहों. पोचेवर तारीख घातल्याशिवाय मोटारीचें दार लावूं देणार नाहीं.