रक्ताचा दोष कुणाच्या माथी?

पारोळ्यात एखाद्या मुलाला ब्लड कॅन्सर झाल्याचे निदान होऊन त्याला मुंबईच्या 'टाटा' कर्करोग रुग्णालयात न्यावे लागले, म्हणजे उपचाराच्या खर्चाची तजवीज चालू असतानाच घरात आणखी एक चौकशी सुरू होते आणि ती बहुधा सुनेच्या माहेराशी जाऊन थांबते. 'आमच्या घराण्यात हे कधी नव्हते' एवढ्या शब्दांवर जिला दोषी ठरविले जाते, त्या मातेची कैफियत ऐकून घेण्याची कुणास गरज वाटत नाही. हा घोर अन्याय आहे.

बालकांच्या ल्युकेमियाशी, म्हणजेच या ब्लड कॅन्सरशी, दहाव्या गुणसूत्रावरील एआरआयडी-5बी आणि सातव्यावरील आयकेझेडएफ-1 या जनुकांतील भेदांचा संबंध 2009 साली प्रसिद्ध झाला, हे खरे. परंतु हे भेद माता आणि पिता दोघांकडूनही येतात, निरोगी माणसांतही सर्रास आढळतात, आणि वर्षाकाठी लाखात मोजक्याच मुलांना होणाऱ्या या रोगाचा धोका त्यांतील एखाद्याने दीडपट-पावणेदोनपट झाला, तरी भेद बाळगणारी बहुतेक सारी मुले सुखरूपच राहतात. डाऊन सिंड्रोम असलेली मुले आणि काही विरळा घराणी यांत मात्र हा धोका पुष्कळ अधिक असतो. मेल ग्रीव्ह्ज या ब्रिटिश संशोधकाने जुळ्यांच्या अभ्यासावरून दाखविले आहे की, पेशीतील पहिला बिघाड पुष्कळदा गर्भावस्थेतच होतो आणि जन्मानंतर आणखी बिघाड झाल्यावाचून रोग उद्भवत नाही. त्या पहिल्या बिघाडाला कोणत्याही कुळाचा वारसा लागत नाही.

जनुकाची चौकशी करावयाचीच, तर ती औषधाच्या मात्रेसाठी करावी. मुंबईहून परतल्यावर या मुलांना मरकॅप्टोप्युरीनची गोळी दीर्घकाळ रोज घ्यावी लागते, आणि एनयूडीटी-15 या जनुकात विशिष्ट भेद असल्यास, विशेषतः तो दोन्ही प्रतींत असल्यास, नेहमीच्या मात्रेनेही पांढऱ्या पेशी इतक्या घटतात की जंतुसंसर्ग जिवावर बेततो आणि उपचार खंडित होतो. युरोपीय वंशाच्या लोकांत हा भेद विरळ, आशियाई लोकांत मात्र पुष्कळ अधिक. म्हणूनच पाश्चात्त्य मुलांवरून ठरलेली मात्रा आपल्या मुलांना डोळे मिटून देणे मला मान्य नाही. गोळी सुरू होण्यापूर्वी एकदाच कराव्या लागणाऱ्या या जनुकाच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात घेतला जावा, तो सरकारी खर्चाने मुंबईस जावा, आणि त्याचा निकाल मुलाच्या केसपेपरवर मात्रेच्या शेजारी नोंदविला जावा, अशी माझी आरोग्य खात्याकडे मागणी आहे.