पहिली टेस्ट आईच्या नावाची
ब्राउझरमध्ये 'बीटीओए' नावाचं फंक्शन आहे: मजकूर द्या, बेस६४मध्ये एन्कोड करून देतं. रोमन लिपीत 'हॅलो' द्या, चालतं. मराठीत 'आई' द्या, एरर! त्याला २५५ क्रमांकापर्यंतचीच अक्षरं चालतात. युनिकोडमध्ये 'आ' २३१० वर आहे.

उपाय सोपा आहे. आधी मजकुराचे यूटीएफ-८ बाइट्स करा, मग एन्कोड. डीकोड करताना उलट. दोन-चार ओळींचं काम. तरी आपण लायब्ररी लिहितो, इंग्रजीत टेस्ट करतो आणि फॉर्मवर छापतो, 'कृपया नाव इंग्रजीत भरा'. मीही छापलंय. याला तांत्रिक मर्यादा म्हणू नका, हा निव्वळ आळस आहे. बग आपला, आणि लिपी बदलायची आजीनं?

पुढच्या लायब्ररीत पहिली टेस्ट आईच्या नावाची घाला. मराठीत.