खिडकीशी कोण बसते?

नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि घरात पहिला मतभेद झाला तो पडद्यांवरून. भिंती पांढऱ्या, सोफा करडा. तेव्हा पडदेही एकरंगी, फिकट राखाडी हवेत, असे मुलाचे म्हणणे. "नक्षीचे पडदे लावले की मंगल कार्यालय वाटतं," हे त्याचे मत. खरे सांगायचे तर मलाही ते पटले होते. दुकानात जाऊन तसे कापड मी बाजूला काढून ठेवायलाही सांगितले.

त्या रात्री सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुम्ही सगळे आठाला बाहेर पडता. खिडकीशी दिवसभर मी बसते. मला विचारलंत का?"

मी गप्प झाले. गावाकडच्या घरात त्यांच्याच जुन्या लुगड्यांचे पडदे असत. गुडघेदुखीमुळे आता त्यांचे जग त्या एका खिडकीएवढे उरले आहे, आणि तिथे काय लावायचे ते आम्ही परस्पर ठरवून मोकळे झालो होतो!

नक्षी म्हणजे जुनाटपणा, हा समजही तपासून पाहावा. इंग्रजीतला 'चिंट्झ' हा शब्द आपल्या चिटाचाच. भारतातल्या छापील सुती कापडाने इंग्लंडातल्या लोकांना असे वेड लावले की तिथल्या विणकरांच्या ओरडीमुळे १७०० साली त्याच्या आयातीवर आणि १७२१ साली वापरावरही कायद्याने बंदी आली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना रिक्षाने दुकानात नेले. त्यांना आवडलेल्या तीन कापडांचे एकेक मीटर घेऊन आलो आणि दोन दिवस खिडकीत टांगून पाहिले. दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये गोड दिसणारी बारीक फुले समोरच्या भिंतीशी उभे राहून पाहिली तर नुसती मळकट दिसत होती. मोठ्या नक्षीची फुले चुण्यांत अर्धी गडप झाली. पांढऱ्यावरची मध्यम निळी वेल तेवढी सकाळच्या उजेडातही टिकली आणि पश्चिमेच्या उन्हातही.

हिशेबही नीट करावा लागतो. चार फुटी खिडकीला चुण्यांसाठी दुप्पट, म्हणजे ४८ इंची पन्ह्याचे दोन तुकडे लागतात. लांबी दुमडीसह ७० इंच हवी असेल आणि नक्षी दर २५ इंचांनी पुन्हा येत असेल, तर प्रत्येक तुकडा ७५ इंचांचा घ्यावा. नाहीतर दोन पडद्यांवरच्या वेली एकमेकींशी जुळत नाहीत. ऊन येणाऱ्या खिडकीला अस्तर लावले की रंग लवकर विटत नाही.

मुलाच्या खोलीत राखाडी पडदे लागले, हॉलमध्ये निळी वेल. घर पाहुण्यांना कसे दिसेल, याचा विचार आपण फार करतो. पाहुणा तासभर बसतो; घरातले माणूस दिवसभर. पडदे घ्यायला निघण्याआधी त्या माणसाला एकदा विचारावे. सासूबाई आता दुपारी चष्मा लावून वेलीची पाने मोजतात आणि संध्याकाळी नातवाला आकडा सांगतात. तो दरवेळी वेगळा असतो!