ठेकेदाराची उधारी, तगादा घरमालकाला

घरमालक ठेकेदाराला पैसे देतो, ठेकेदार रेती-गिट्टीवाल्याचे थकवतो. मग तगादा घरमालकाच्या दारात. ‘पैसे द्या, नाहीतर घरावर बोजा चढवू’ अशी धमकीही मिळते. यात दम किती?

अमेरिकेत पैसे थकले तर माल पुरवणारा थेट घरावर बोजा नोंदवू शकतो. आपल्याकडे तसा कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ज्याने माल मागवला, देणे त्याचे. पण दुकानदाराच्या वहीत घरमालकाचे नाव, सही असेल तर तोच अडकतो. ठेकेदार ‘नाव तुमचं टाकतो’ म्हणतो, तिथेच घोळ होतो.

घरकुलाचे १ लाख २० हजार हप्त्याने लाभार्थ्याच्याच खात्यात येतात, बांधकामही त्यानेच करायचे असते. सगळी रक्कम ठेकेदाराच्या हाती दिली की जोखीम वाढते.

ठेकेदार काम अर्धवट टाकून गेला तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. त्याला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पण पुरावा लागतोच. म्हणून करार कागदावर करा, काम होईल तेवढेच पैसे द्या अन् पुढच्या हप्त्याआधी दुकानदाराची ‘बाकी नाही’ अशी चिठ्ठी मागा.